फुकटच्या फ्लॉपीवरचं मृग नक्षत्र

सीताबर्डीवर तेव्हा कॉम्प्युटरचं सामान विकणारी एकदोनच दुकानं होती, आणि त्यांतल्या एका मालकाला आमचा उद्योग कधीच पटला नाही. आम्ही तिघांनी मिळून एक प्रोग्राम लिहिला होता आणि कोरी फ्लॉपी घेऊन येईल त्याला तो फुकट उतरवून देत होतो.

"फुकट काहून देता जी?" तो विचारायचा. "काही लफडं तर नाही ना त्याच्यात?"

कोऱ्या फ्लॉप्या आम्ही त्याच्याचकडून घेत होतो, म्हणून त्याचा संशय चहा पाजण्यापर्यंतच थांबायचा.

आज या प्रकाराला ओपन सोर्स असं भारदस्त नाव आहे. त्याच्या परिषदा भरतात, लोक गळ्यात ओळखपत्रं अडकवून एकमेकांना टाळ्या देतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, रामदासपेठेतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, आमच्याकडे त्याला काहीच नाव नव्हतं. आमच्या प्रोग्रामला मात्र होतं: 'तक्ता'. शेतीच्या पाहणीचे भरलेले फॉर्म त्यात घालायचे. तो चुकलेल्या ओळी गाळायचा, सरासऱ्या काढायचा आणि तक्ते छापून द्यायचा. प्रोग्राम कसा लिहिला आहे तेही आम्ही कागदावर छापून सोबत देत असू, म्हणजे ज्याला बदल करायचे त्याने खुशाल करावेत. अट एकच होती. सुधारणा केलीत तर आम्हालाही पाठवा.

मूळ प्रत सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्यात माझ्या विद्वत्तेचा काही भाग नव्हता. आमच्यातल्या एकाने मे महिन्यात फ्लॉप्या स्कूटरच्या डिकीत ठेवल्या होत्या आणि त्या पापडासारख्या वाकून निघाल्या. माझ्याकडे सायकल होती.

तो डिकीवाला म्हणजे माझा मित्र. मूळचा मध्य प्रदेशातल्या सिवनीचा, मी शिकवायचो त्याच कॉलेजात गणित शिकवायचा. त्याचं मराठी अर्धं हिंदी होतं आणि हिंदी अर्धं मराठी, त्यामुळे दोन्ही भाषांत तो सारखाच निर्धास्त असे. तिसरी भागीदार शेती-पाहणीच्या सरकारी कार्यालयात संख्याशास्त्राचं काम बघायची. काटोलकडच्या शेतकरी घरातली, एम.एस्सी. झालेली, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार असलेली. आम्ही दोघं तिला 'बाई' म्हणायचो. ती आम्हाला 'सर' म्हणायची, पण त्या 'सर'मध्ये आदर शोधायला दुर्बीण लागली असती.

यांच्याखेरीज एक अध्यक्ष होते. कॉम्प्युटर ज्या ट्रस्टचा, त्या ट्रस्टचे ते अध्यक्ष. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी प्रोग्रामची एक ओळही लिहिली नव्हती, मात्र 'तक्ता' सुरू केला की सगळ्यांत आधी त्यांचे 'दोन शब्द' पडद्यावर येत. चौफेर चांदण्यांची चौकट, मध्ये त्यांचा संदेश, आणि तो संपेपर्यंत पुढे जाता येत नसे. खोली त्यांची, वीज त्यांची, थंड हवेचं यंत्र त्यांचं. आम्ही ते दोन शब्द मुकाट वाचत असू.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बाईने आपला छोटा प्रोग्राम आणला. कशासाठी, ते आधी सांगायला हवं.

पाहणीच्या फॉर्मवर एक रकाना होता: पेरणीची तारीख. तो रकाना ज्याने आखला त्याने विदर्भातल्या शेतकऱ्याला कधी तारीख विचारलेली नसावी. पेरणी कधी केली म्हटलं की माणूस सांगतो, "लागत्या मृगात." किंवा "निघत्या मृगात." किंवा "आर्द्रा लागून चार दिस झाले होते." निंदण कधी केलं? "पोळ्याच्या आधी आठ दिस." उत्तर अगदी नेमकं असतं, फक्त ते कॅलेंडरच्या भाषेत नसतं. फॉर्म भरणारा ते तसंच लिहून आणायचा, आणि 'तक्ता' अशी ओळ दिसली की ती चुकलेली समजून फेकून द्यायचा. तो नियम आम्हीच घातला होता आणि तेव्हा फार काटेकोर वाटला होता.

ओळी गळतात हे कार्यालयांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्यावर कार्यालयीन उपाय काढला. टायपिस्ट मंडळी तारीख नसेल तिथे सरसकट पंधरा जून टाकू लागली. परिणामी आमच्या एका तक्त्यात एका अख्ख्या तालुक्याने एकाच दिवशी पेरणी उरकली होती. एवढी एकजूट त्या तालुक्याने दुसऱ्या कुठल्याही बाबतीत दाखवली नसेल.

बाईचा प्रोग्राम एवढंच करायचा: नक्षत्राचं किंवा सणाचं उत्तर तारखांत आणायचा. नक्षत्रं सूर्यावर चालतात, ती दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतात. ती तिने कायमची बसवून टाकली होती. सण चंद्रावर चालतात, त्यांच्यासाठी दर वर्षीच्या पंचांगातल्या तारखा घालाव्या लागत. मग 'निघता मृग', म्हणजे मृगाचे शेवटचे दिवस, लिहिलं की प्रोग्राम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते सांगायचा. खोटी एकच तारीख सांगायचा नाही, हे मला फार आवडलं. दिवाळीनंतर 'तक्ता'ची नवी प्रत सगळ्या जिल्ह्यांना जायची होती आणि तिच्यावरच खरिपाची पाहणी मोजली जाणार होती. बाईचं म्हणणं, आपला प्रोग्राम त्या फ्लॉपीवर जावा. नाही गेला तर नक्षत्राने बोलणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांच्या ओळी याही वर्षी एक तर गळणार किंवा पंधरा जूनला पेरणी करणार.

अध्यक्षांनी सभा बोलावली. आम्ही चारच जण, रोज एकाच खोलीत बसणारे, तरी सभा.

"उपक्रम स्तुत्य आहे," ते म्हणाले. स्तुत्य हा शब्द ते नकाराच्या आधी वापरत. "परंतु आपल्या कार्याचं स्वरूप अखिल भारतीय आहे."

'तक्ता' तोवर फार तर हैदराबादपर्यंत पोचला होता, तोही मित्राचा मेव्हणा तिथे होता म्हणून.

"उद्या दिल्लीचे एखादे संचालक ही फ्लॉपी लावतील," अध्यक्ष पुढे म्हणाले, "आणि त्यांना त्यात पोळा दिसला, तर त्यांनी काय करावं?"

"बैल सजवावा जी," बाई म्हणाली.

मित्राने खोकल्याचं निमित्त काढून तोंड फिरवलं.

"मॅडम, विनोद नको. प्रश्न दर्जाचा आहे."

"साहेब, तुमच्या संत्र्याच्या बगीच्यात बहार कोणता धरता?"

अध्यक्षांचा बगीचा सगळ्यांना माहीत होता. दर हंगामात त्याची पेटी आमच्याकडे यायची आणि प्रत्येक संत्र्यासोबत थोडी माहितीही यायची. "मृग बहार," ते अभिमानाने म्हणाले.

"मृग काहून? जून बहार काहून नाही म्हणत?"

"तो शेतीचा विषय आहे."

"पाहणी बी शेतीचीच आहे जी. कापडाची नाही."

अध्यक्षांनी मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं की निदान मी तरी गंभीर माणूस आहे. माझी हरकत होतीच, पण दर्जाची नव्हती. पोळा पाहून दिल्लीला काय वाटेल याची चिंता मी त्याआधीही कधी केली नव्हती. माझी अडचण साधी होती. 'तक्ता' आम्ही तिघांनी लिहिला, तिघांना समजत होता, एकाने सोडला तर दोघं होते. हा एकटीचा होता. त्यात दर वर्षी नव्या पंचांगाच्या तारखा घालाव्या लागणार. एखाद्या वर्षी राहिल्या, तर आमच्या नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या वर्षीचा पोळा साजरा होणार. फुकट दिलेली वस्तू चुकली तर लोक जास्त रागावतात, असा माझा अनुभव आहे. विकतच्या वस्तूवर निदान दुकानदाराकडे जाऊन ओरडता येतं.

"याच्याकडे बघणार कोण?" मी विचारलं.

"मी आहो ना."

"तुमची बदली होते."

"बदली झाल्यावर हात गळून पडतात का सर? पोस्टकार्ड तिकडंबी येते."

"आणि कंटाळा आला तर?"

ती पहिल्यांदाच थोडी थांबली. "आला तर सांगीन ना, का बाबा कंटाळा आला, आता दुसरा पाहा. तुम्हाला आला का कधी?"

मला अनेकदा आला होता. सभा काही न ठरता संपली, मात्र अध्यक्षांनी ती यशस्वी झाल्याचं जाहीर केलं.

मित्र म्हणाला, भांडण्यापेक्षा चालवून तर पाहू. तो सुट्टीत सिवनीला निघाला होता. जाताना बाईचा प्रोग्राम छापलेला कागद घेऊन गेला आणि येताना गावातल्या धानवाल्या शेतकऱ्यांची उत्तरं घेऊन आला. ती आम्ही प्रोग्रामला घातली. नक्षत्रं बरोबर आली. पोळा, राखी, दसरा, सगळं बरोबर. मग मित्राने आपल्या काकाचं उत्तर घातलं. काकाने सांगितलं होतं, सावन लागताच रोपा लावला, म्हणजे धानाची लावणी केली. प्रोग्रामने तारीख सांगितली आणि मित्र हसायला लागला.

"अरे भाऊ, तोपर्यंत तर काकाचा धान गुडघ्याला लागला होता! तुमचा श्रावण आमच्या सावनच्या पंधरा दिन मागं चालून राहिला."

आमच्या महिन्याची सुरुवात अमावास्येनंतर, तिकडच्या महिन्याची पौर्णिमेनंतर. सण त्याच दिवशी येतात, पण महिन्याचं नाव पंधरा दिवस आधी लागतं. आणि ही गोष्ट नागपुरात राहणाऱ्या माणसाला कुणी सांगावी लागते काय? माझ्या शेजारी एक हिंदी घर होतं. त्यांच्याकडे सावनचे सोमवार सुरू व्हायचे तेव्हा आमच्याकडे आषाढ असायचा. माझी बायको दर वर्षी म्हणायची, यांचा महादेव आपल्या आधी उठतो. मित्राच्या आईचा श्रावण राखीला संपायचा, बाईच्या आईचा तेव्हा अर्धा शिल्लक असायचा, आणि मुलांपाशी नागपुरात राहणाऱ्या त्या दोघी एकाच बाजारातून उपासाचा साबुदाणा आणायच्या. एका शहरात दोन श्रावण नांदत होते, आम्ही रोज त्यांच्यामधून ये-जा करत होतो, आणि कॉम्प्युटरपुढे बसल्याबरोबर आम्हाला एकच श्रावण ठाऊक होता.

बाई हसली नाही. तिने कागद ओढून घेतला आणि ती खुर्ची जराशी वळवून बसली. "सगळ्या सिवनीचं लावणीचं चुकलं असतं," ती हळू म्हणाली. "आन् त्याहीनं म्हटलं असतं, नागपूरच्या शहाण्यांनी पाठवलं म्हणून."

ही बातमी अध्यक्षांपर्यंत कशी गेली ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते प्रसन्न चेहऱ्याने आले. "म्हणूनच मी म्हणत होतो. प्रादेशिक बाबींचा हाच धोका असतो. मॅडमचा प्रोग्राम त्यांच्या कार्यालयापुरता राहू द्यावा. खणात सुरक्षित राहील."

त्या वाक्याने माझं मत ठरलं, आणि अध्यक्षांनी ते ठरवलं याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. प्रोग्राम खणात सुरक्षित राहिला असता हे खरं. त्यातला श्रावणही सुरक्षितपणे चुकीचा राहिला असता. चूक सापडली ती सिवनीच्या माणसाच्या हातात कागद गेला म्हणून. मी नागपुरात बसून दहा वेळा तपासून ती मला दिसली नसती, कारण माझ्या घरच्या कॅलेंडरप्रमाणे ती चूकच नव्हती. म्हणजे जी वस्तू ठराविक गावांसाठी आहे ती त्या गावांपर्यंत गेल्याशिवाय नीट होणार नाही; आणि ती नीट नाही म्हणून आम्ही ती पाठवणार नाही. असा न्याय आमच्या विद्यापीठात चालतो, फ्लॉपीवर कशाला आणावा?

शिवाय 'तक्ता' तरी कुठला अखिल भारतीय होता! तो वर्ष जानेवारीत सुरू होतं असं धरून चालत होता. कुठल्या गावात वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालदार एक जानेवारीला बदलतो? गुढीपाडव्याला बदलतो. जानेवारीचं गाव आमच्या परिचयाचं नव्हतं, म्हणून आम्ही त्याला सार्वत्रिक म्हणत होतो, एवढंच.

मी दोघांना बसवलं आणि माझा विचार सांगितला. बाईचा प्रोग्राम 'तक्ता'च्या पोटात घालायचा नाही. 'तक्ता' फक्त एवढं शिकेल की तारीख नसलेली ओळ फेकायची नाही, बाजूला काढून ठेवायची. त्या बाजूच्या ओळींशी काय करायचं ते ज्या त्या भागातल्या माणसाने लिहावं. असे छोटे प्रोग्राम त्याच फ्लॉपीवर वेगळ्या कप्प्यात जातील, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: कोणत्या भागासाठी आहे, याची काळजी कोण घेतं, त्याला पत्र कुठे पाठवायचं. पत्राला उत्तर येणं बंद झालं की तो प्रोग्राम पुढच्या प्रतीतून निघेल. रुसायचं नाही.

"म्हणजे घर एकच ठेवाचं, पण स्वयंपाक वेगळा," बाई म्हणाली.

"तसं समजा."

"चालन."

श्रावणाचा तिढा तिने तिथेच सोडवला. मित्र म्हणत होता, जिल्ह्यांची नावं घालू, या जिल्ह्याचा महिना असा, त्या जिल्ह्याचा तसा. तिने मान हलवली. "नागपूर कोणत्या खात्यात टाकता मग?" प्रोग्राम सुरू झाला की तो आता एक प्रश्न विचारू लागला: तुमच्याकडे श्रावण राखीला संपतो, की राखीनंतरही उरतो? हा प्रश्न कोणत्याही खेड्यातल्या कोणालाही विचारावा, उत्तर चटकन येतं. पौर्णिमान्त, अमान्त असले शब्द मला त्या आठवड्यात नव्याने समजले होते आणि ते वापरायची मला फार हौस होती. तिने एकही घालू दिला नाही. मी आयुष्यात पुष्कळ प्रोग्राम वाचले, त्यांतले काही नामांकित लोकांचे होते, पण इतका चांगला प्रश्न विचारणारा प्रोग्राम क्वचित पाहिला.

राहता राहिली जागा. फ्लॉपी भरली होती. 'तक्ता' कापता येत नव्हता, माहितीपत्रक आधीच काटकसरीचं होतं. आणि अध्यक्षांचे दोन शब्द, चांदण्या धरून, बाईच्या प्रोग्रामपेक्षा जास्त जागा खात होते.

हे त्यांना कुणी सांगायचं यावर आम्ही बराच वेळ एकमेकांच्या गुणांची स्तुती केली. शेवटी मूळ प्रत माझ्याकडे म्हणून मी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"मी परवा बगीच्यात गेलो होतो," ते म्हणाले. "आमच्या माणसाला सहज विचारलं, झाडांना खत कधी दिलं रे? तर म्हणतो, निघत्या रोहिणीत." ते खिडकीकडे पाहू लागले. "मी त्याला म्हटलं, तारीख सांग. तो म्हणाला, साहेब, तारीख तुमच्यापाशी राहते, आमच्यापाशी रोहिणी राहते."

एवढं सांगून ते माझ्याकडे वळले.

"माझे दोन शब्द काढा," ते म्हणाले. मग आवाज नेहमीच्या उंचीवर गेला. "परंतु ते अध्यक्षांनी स्वतःहून काढले, अशी इतिवृत्तात नोंद व्हावी."

नोंद झाली. बाईने ती स्वतः, सुंदर अक्षरात केली, आणि 'स्वतःहून'च्या खाली रेघ ओढली. अध्यक्षांना ती रेघ आवडली.

दिवाळीनंतर फ्लॉप्या गेल्या. नव्या तक्त्यांत पेरणी रोहिणीपासून आर्द्रेपर्यंत पसरलेली दिसली, गावागावांप्रमाणे मागेपुढे, जशी ती खरोखर होते. बाई तो छापील कागद टेबलावर पसरून उभी होती आणि बोटाने एकेक तालुका दाखवत होती. "हे पाहा, इथं पाऊस उशिरा आला होता. हे पाहा, यायनं दुबार पेरलं." इतकी वर्षं ही माहिती फॉर्मवर होतीच. फक्त आम्ही ती चूक म्हणून गाळत होतो. त्या दिवशी मी जो ताठ झालो तो ताठपणा अजून पूर्ण उतरलेला नाही, आणि उतरावा असा माझा प्रयत्नही नाही.

पुढल्याच वर्षी बाईची यवतमाळला बदली झाली. दर गुढीपाडव्याला नव्या पंचांगातल्या तारखा तिच्याकडून टपालाने यायच्या. पत्रं तिला येत, उत्तरं ती देई, आणि एखाद्याने चूक दाखवली की ती आम्हाला अशी कळवायची जणू चूक आमची आहे.

मग एकदा मेळघाटाकडून एक पाकीट आलं. पाठवणारा तिथल्या एका शाळेत शिक्षक होता. बाईचा प्रोग्राम त्याने कापून, जोडून, कोरकू गावांसाठी बदलला होता. तिथली माणसं कामाचे दिवस आपल्या सणांवरून आणि आठवडी बाजारांवरून सांगतात, ते त्याने बसवलं होतं. त्यातली निम्मी नावं मी कधी ऐकली नव्हती. ती बरोबर की चूक हे आमच्यापैकी कुणालाही सांगता आलं नसतं. पण सुरुवातीला त्याने लिहिलं होतं: कोणत्या गावांसाठी, काळजी कोण घेतं, पत्र कुठे पाठवायचं.

सभा बोलावली नाही. अध्यक्ष खोलीतच होते, त्यांनी चष्मा लावून ते पाकीट उलटसुलट पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. मी त्यातला प्रोग्राम पुढच्या प्रतीवर उतरवून घेतला.